तेरावा आरा

फोटो टेबलावर ठेवायचा, बोटं कडेला.
भिंग आधी माणसांवर नेऊ नका.
माणसं फोटोत खोटं बोलतात:
उसनी टोपी, उसनं घड्याळ, ताठ मान.
गाडीला ते जमत नाही.
तिचं नाक बघा.

नाक म्हणजे रेडिएटर.
पितळी, चकाकतं असलं तर फोर्ड, सन सोळापर्यंतची.
काळं असलं तर नंतरची.
मग मडगार्ड: सपाट का पालथ्या पन्हाळीसारखं,
दिवे कार्बाइडचे का विजेचे,
पायफळीवर पेट्रोलचा डबा बांधलाय का,
आणि हँडल लोंबतंय ना पुढं,
ओढाळ गाईच्या लोढण्यासारखं?
शेवटी चाकाचे आरे मोजायचे.
लाकडी. बहुतेक बारा.

चौतीस वर्षं दोंडाईचा डेपोत
एस.टी.चे गिअरबॉक्स उतरवले मी.
ह्यातली एकही हाताखालून गेली नाही.
एक फक्त पाहिली, शिंदखेड्याला,
जिनिंगमागच्या वखारीत, सरकीत अर्धी बुडालेली,
सीटमध्ये मुंगसानं संसार मांडलेला.
बॉनेटवर हात ठेवला. थंड.
तरी लगेच काढवला नाही.

परवा शिरपूरकडचा जयपाल गिरासे आला.
फोटो पिशवीत, पिशवी वहीत, वही छातीशी.
‘मन्हा आजानी मोटर शे, काका.
सगळा तालुकामा पहिली.
कोनती कंपनी, तेवढं सांगा.
घर बांधी ऱ्हायनू, दरवाजावर कोरनी शे.’

उदेसिंग गिरासे स्टिअरिंगवर,
शेजारी दोन पोरं,
मागं एक फेटेवाला, नेमके डोळे मिटलेला.
नाक पाहिलं, डॉजचं वाटलं.
मडगार्डं शेवरलेटची.
एक दिवा गोल, दुसरा जरा अंड्यासारखा.
म्हटलं, जोडतोड असेल,
आपल्याकडं काय, बुलेटच्या इंजिनावर नांगर ओढतात.
आरे मोजले. तेरा.
एका आऱ्यावर नख रोवून परत मोजले.
तेरा.

मग चाकाखाली उतरलो.
टायरला माती नाही.
तापीकाठची काळी माती, जी पाहुण्यालाही सोडत नाही,
ती हिला शिवलेली नाही.
सावली होती,
पण गाडीएवढी नव्हती. फळीएवढी होती.

सारंगखेड्याची जत्रा.
घोड्यांच्या बाजाराला लागून फोटोवाल्याचा तंबू,
रंगवलेली फळी, मागं बाकडं,
चार आणे द्या नि बसा.

भिंग खाली ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही.
कोण असेल हा रंगारी?
बैलगाड्यांच्या साट्यांवर मोर काढणारा?
नरडाण्याच्या रस्त्यावर एकदा गाडी पाहिली असेल,
धुळीतून जाताना, डोळ्यांत मावली तेवढी घरी आणली.
नाक एकीचं, मडगार्ड दुसरीचं,
म्हणजे दोनदा पाहिली.
फिरते आरे कोण मोजणार?
एक जास्तीचा दिला. कमी पडायला नको.

असं मनाशी जुळवत होतो,
आणि उजव्या दिव्यात काहीतरी दिसलं.
भिंग पार डोळ्याला लावलं.
बाभळीचं झाड.
उलटं.

दिव्याच्या वाटीत जग उलटं दिसतं,
हे रस्त्याच्या कडेनं कळत नाही.
म्हणजे गाडी थांबली होती.
म्हणजे हा जवळ गेला होता, वाकला होता,
आणि ड्रायव्हरनं हाकललं नव्हतं,
निदान तेवढा वेळ.

‘कोनती, काका?’

मी त्याला फळीची सावली दाखवली.
नंतर दिवा दाखवला.
जयपाल कितीतरी वेळ बोलला नाही.
पंख्यानं त्याच्या वहीची पानं उलटली,
सिमेंटचा हिशेब, गजाचा हिशेब.
आजोबाच्या चेहऱ्यावर त्यानं भिंग धरलं,
आज पहिल्यांदाच कुणीतरी.

‘मंग कोरू का नको?’

मी म्हटलं, कोर.
पण सुताराला बजावून सांग,
आरे तेराच.